तीन कारकुनांचे कोट

आमच्या घरी दिवाळी अंक मोठ्याने वाचण्याची पद्धत होती. लक्ष्मीपूजन आटोपले, फराळाची ताटे एकदा फिरली, की आई म्हणायची, "वाच रे काहीतरी." १९६७ च्या सुमारास अशाच एका दिवाळीत मी डिकन्सच्या नाताळातल्या गोष्टीचा मराठीत केलेला सारांश वाचून दाखवला. कंजूष स्क्रूज, रात्री त्याच्याकडे येणारी भुते, त्याचा गरीब कारकून बॉब क्रॅचिट, बॉबचा पांगळा मुलगा, आणि शेवटी स्क्रूजला झालेली उपरती. शेवट ऐकताना आईच्या डोळ्यांना पाणी आले. वडील मात्र चकली मोडता मोडता थांबले आणि म्हणाले, "पगार वाढवला म्हणतोस. किती वाढवला?"

मी पाने उलटून पाहिली. आकडा नव्हता. सारांश करणाऱ्याने गाळला असेल असे मी म्हटले आणि तो विषय तिथेच राहिला. पुढे कॉलेजात मूळ इंग्रजी गोष्ट हाती आली तेव्हा मी सर्वांत आधी तो आकडा शोधला. तिथेही नाही! बॉबचा जुना पगार डिकन्स नेमका सांगतो : आठवड्याला पंधरा शिलिंग, म्हणजे वर्षाला एकोणचाळीस पौंड. नवा पगार किती, हे तो कुठेच सांगत नाही.

वडिलांच्या त्या प्रश्नाची मला त्या वेळी थोडी लाजच वाटली होती. एवढी हृदयाला हात घालणारी गोष्ट, आणि हे पैशांचे विचारतात! पण वडील एका खाजगी कचेरीत कारकून होते. अठ्ठावीस वर्षे त्यांनी तिथे काढली. ह्या गोष्टीवर मी पुढे जी टीका वाचली तिच्यातल्या पुष्कळ भागापेक्षा त्यांचा प्रश्न अधिक जाणता होता असे आज वाटते. कचेरी कोणती ते सांगत नाही. 'ओव्हरकोट' ह्या कथेच्या आरंभीच गोगोल खात्याचे नाव घ्यायचे टाळतो, कारण खाती फार लवकर रागावतात असा त्याचा अनुभव आहे. तोच शिरस्ता मीही पाळतो.

गोगोल मराठी रसिकांना परका नाही. पु. ल. देशपांडे यांनी १९५२ साली रंगभूमीवर आणलेला 'अंमलदार' हा गोगोलच्याच नाटकाचा मराठी अवतार. हुद्द्याला भिण्याची सवय लागलेली माणसे कोणा उपटसुंभाला वरून आलेला अंमलदार समजून कशी लोळण घेतात, हे पाहून आपण पोट धरधरून हसलो आहोत. 'ओव्हरकोट' ही त्याच लेखकाची कथा १८४२ साली प्रसिद्ध झाली. डिकन्सची नाताळकथा १८४३ च्या डिसेंबरातली. आणि अमेरिकन कादंबरीकार मेल्विल याची 'बार्टलबी' ही कथा १८५३ ची. अवघ्या अकरा वर्षांत पीटर्सबर्ग, लंडन आणि न्यूयॉर्क अशा तीन शहरांतल्या तीन कारकुनांवर तीन मोठ्या लेखकांनी लिहिले. तिन्ही कारकून नकला करणारे, आणि मौज अशी की तिन्ही कथांत अंगातल्या कोटाची भानगड आहे. ह्या कथांकडे आपण करुणेच्या कथा म्हणून पाहतो. मला त्या पगाराच्या आणि हुकमाच्या कथा म्हणून पुन्हा वाचाव्याशा वाटल्या.

गोगोलची कथा आधी घेतो, कारण तिच्यात आकडे सर्वांत स्पष्ट आहेत. रशियात पीटर बादशहाने १७२२ साली सरकारी नोकरांची एक उतरंड बांधून दिली होती. तिच्यात चौदा पायऱ्या. कोणी कोणाला वाकून नमस्कार करायचा, कोणाला काय म्हणून संबोधायचे, हे सारे पायरीवरून ठरे. अकाकी अकाकीयेविच हा नवव्या पायरीवरचा. आठव्या पायरीवर पाऊल पडले की त्या काळी मुलकी नोकराला वंशपरंपरागत सरदारकी मिळत असे. म्हणजे हा गृहस्थ अगदी उंबऱ्याशी येऊन जन्मभर तिथेच बसलेला. पगार वर्षाला चारशे रूबल. त्याचा जुना कोट इतका विरला आहे की शिंपी त्याला ठिगळ लावायलाही तयार नाही. नव्या कोटाला ऐंशी रूबल पडणार. वर्षाच्या कमाईचा पाचवा हिस्सा!

मग काटकसर सुरू होते. संध्याकाळचा चहा बंद. मेणबत्ती बंद. रस्त्यावरून चालताना तळवे झिजू नयेत म्हणून जवळजवळ चवड्यांवर चालायचे. कपडे कमी वेळा धुवायला टाकायचे. खर्च केलेल्या प्रत्येक रूबलमागे अर्धा कोपेक एका लहान पेटीत टाकायची त्याची जुनी सवय. अशा रीतीने कित्येक वर्षांत चाळीस रूबल साठले होते. उरलेले चाळीस कुठून आणायचे? इथे गोगोल एक बारीकशी गोष्ट करतो, आणि पुष्कळ वाचक ती नजरेआड करतात. सणाचे इनाम म्हणून संचालक दर वर्षी चाळीस-पंचेचाळीस देतात. ह्या वेळी ते साठ रूबल देतात. का? कोणालाच ठाऊक नाही. अकाकीला कोट हवा आहे हे त्यांना कळले असेल किंवा सहज त्यांच्या मनात आले असेल, अशी कबुली गोगोल देतो आणि पुढे जातो. जे माणसाने अनेक वर्षे अर्ध्या कोपेकाने साठवले, त्याच्या निम्मे साहेबाच्या लहरीने एका क्षणात वरून टाकले. कथेतले हे सर्वांत आनंदाचे स्थळ आहे, आणि मला ते सर्वांत भयंकर वाटते. कारण ज्या हाताने वीस जादा दिले तोच हात वीस कमीही देऊ शकला असता, आणि तेव्हाही कोणी "का" म्हणून विचारले नसते.

कोट शिवून होतो, आणि पहिल्याच रात्री चोर तो अंगावरून काढून नेतात. तक्रार घेऊन अकाकी एका 'बड्या असामी'कडे जातो. गोगोल त्याचे नाव सांगत नाही. तो नुकताच बडा झाला आहे एवढेच सांगतो. आता ह्या असामीचे चित्र बारकाईने पाहावे. नवी जागा मिळण्याआधी आठवडाभर तो आरशासमोर उभा राहून आवाजातला दरारा घोटून बसवत होता. अकाकी येतो तेव्हा त्याला काही काम नाही. जुना मित्र येऊन बसला आहे, गप्पाही संपत आल्या आहेत. पण आपल्या दाराशी माणसे किती वेळ तिष्ठत बसतात हे मित्राला दिसावे म्हणून तो अकाकीला बाहेर थांबवतो. आणि आत बोलावल्यावर आपण कोणाशी बोलतो आहोत ह्याची जाणीव आहे का, असे इतक्या जोराने विचारतो की पट्टेवाल्यांना त्या कारकुनाला धरून बाहेर न्यावे लागते. ह्याच प्रसंगाला जोडून गोगोल एका दुसऱ्याच माणसाचा किस्सा सांगून जातो. नवव्याच पायरीवरच्या एकाला कुठल्याशा लहान कचेरीचा प्रमुख केले, तर त्याने लगेच भिंत घालून स्वतःसाठी वेगळी खोली काढली, दाराशी जरीच्या गणवेशाचे द्वारपाल उभे केले. खोलीत जेमतेम एक मेज मावत होते! ज्यांनी एखाद्या कचेरीत नव्या हेडक्लार्कचे पहिले आठ दिवस पाहिले आहेत त्यांना ह्या खोलीचा नकाशा मुद्दाम काढून दाखवायला नको.

गोगोलचे म्हणणे मला असे दिसते : पगारातला फरक म्हणजे पायऱ्यांमधले अंतर मोजण्याची फूटपट्टी. कोण कोणाला तिष्ठत ठेवू शकतो, कोणाच्या "नाही" ला अपील नाही, हे आधी ठरते. रूबल मागाहून त्या बेताने वाटले जातात. अकाकीचे काम नीट करणारा त्या खात्यात दुसरा नव्हता. त्याचे अक्षर निर्दोष. त्या कौशल्याची किंमत चारशेच्या वर जाईना. तो मेल्यावर काही दिवसांनी कचेरीला पत्ता लागतो, आणि दुसऱ्याच दिवशी त्या खुर्चीत नवा कारकून येऊन बसतो. त्याची अक्षरे बरीच तिरकी आहेत.

आता डिकन्स. त्याच्या गोष्टीवर माझे लहानपणापासून प्रेम आहे. तिच्यातल्या क्रॅचिटांच्या जेवणासारखे गरिबाघरच्या सणाचे वर्णन क्वचितच कोणी केले असेल. पण आरंभीचे कचेरीचे दृश्य पाहा. बॉब एका कोंदट खोलीत पत्रे नकलून काढतो आहे. शेगडीत जवळजवळ एकच कोळसा. जास्त घालता येत नाही, कारण कोळशाची पेटी स्क्रूजच्या खोलीत, आणि फावडे घेऊन बॉब आत आला की तुझी-माझी सोबत आता संपायला हवी असे स्क्रूज सुचवणार. म्हणून बॉब मेणबत्तीवर हात शेकायचा प्रयत्न करतो. अंगात ओव्हरकोट नाहीच. गळ्याभोवती पांढरा लोकरी गळपट्टा, त्याची टोके कमरेखाली लोंबत आहेत. मालक आणि नोकर ह्यांच्या मिळकतीतले अंतर डिकन्सने ह्या एका पेटीत भरून ठेवले आहे. पंधरा शिलिंग ही झाली रक्कम. पेटी कोणाच्या खोलीत, ही झाली सत्ता. बॉब गारठतो तो मुख्यतः दुसऱ्या गोष्टीमुळे.

डिकन्सला हे कळत नव्हते असे म्हणण्याची सोय नाही. भुताबरोबर स्क्रूज आपल्या उमेदवारीच्या दिवसांत जातो तेव्हा त्याचा जुना मालक फेझिविग गोदामात नाचगाण्याची मेजवानी देत असतो. तीन-चार पौंडांचा तर खर्च, त्याची एवढी वाहवा कशाला, असे भूत त्याला डिवचते. त्यावर स्क्रूज बोलून जातो की आमचे काम हलके करायचे की ओझे करायचे, आम्हांला सुखी ठेवायचे की दुःखी, हे सारे त्याच्या हातात होते. आणि ते त्याच्या शब्दांत, नजरेत, मोजता न येणाऱ्या लहानसहान गोष्टींत होते. कचेरीतल्या सत्तेविषयी इतके खरे उद्गार मी दुसऱ्या कुठल्या कथेत वाचलेले नाहीत. मात्र त्यातून निघणारा पुढचा प्रश्न डिकन्स विचारत नाही. एका माणसाच्या नजरेवर इतक्यांचे सुख टांगलेले असावेच का? त्याला नजर प्रेमळ हवी आहे. ती खिळी बदलायला तो तयार नाही.

म्हणून शेवटचे दृश्य मला आज अडखळवते. नाताळच्या दुसऱ्या दिवशी बॉबला साडेअठरा मिनिटे उशीर होतो. स्क्रूजचे मन पालटले आहे, तरी तो आधी मुद्दाम गुरकावतो, बॉबला थरथर कापायला लावतो, आणि मग पगारवाढ जाहीर करतो. गंमत म्हणून का होईना, त्याला आधी भीती घालता येते. बॉब काय करतो? मालकाला वेड लागले असावे अशा समजुतीने तो रुळाकडे सरकतो. आभार नाही, प्रश्न नाही; त्या दृश्यात पगारवाढ ऐकल्यावर बॉबच्या तोंडी एक शब्द नाही. पुढे स्क्रूज आणखी एक कोळशाची बादली विकत आणायला फर्मावतो. कोळसा आला, पण तोही हुकमानेच आला. आणि आकडा नाही तो नाहीच! वडिलांना वाचकाच्या जागी बसून जे खटकले ते बॉबला त्या टेबलाशी बसून विचारता आले नसते, एवढे मला कळते. देणगी घेताना किती म्हणून विचारायची रीत नसते.

मेल्विलच्या कथेत सांगणारा साहेबच आहे, आणि तो मोठा सज्जन आहे. वॉल स्ट्रीटवरचा हा वकील आपल्या मिळकतीविषयी जाता जाता एक गोष्ट सांगून टाकतो : त्याला न्यायखात्यातली एक जागा मिळाली होती, काम फारसे नाही, प्राप्ती मात्र झकास, नव्या राज्यघटनेने ती जागाच रद्द केली म्हणून तो अजून हळहळतो. त्याच्या पदरी नकला करणारे कारकून शंभर शब्दांना चार सेंट ह्या दराने लिहितात. त्यांपैकी टर्की हा त्याच्याच वयाचा, साठीच्या घरातला. त्याचे कपडे तेलकट म्हणून वकील त्याला आपला एक चांगला, अस्तराचा, करडा कोट देऊन टाकतो. आता हा उपकार स्मरून दुपारी जरा नरमाईने वागेल अशी अपेक्षा. घडते उलटेच. कोट अंगात येताच टर्की अधिक ताठ होतो. आणि फार चंदी झालेल्या घोड्याप्रमाणे ह्याला सुबत्ता मानवत नाही, असा निष्कर्ष वकील काढतो! साठ वर्षांच्या माणसाला घोड्याच्या रांगेत बसवताना त्याच्या सज्जनपणाला कुठे धक्का लागत नाही. मेल्विलने हे वाक्य साहेबाच्याच तोंडी घातले. लेखक मध्ये येऊन काही म्हणत नाही. ह्या एका जागेसाठी मी मेल्विलला डिकन्सच्या वर बसवायला तयार आहे.

आणि बार्टलबी? तो येतो, खाली मान घालून ढीगभर लिहितो, आणि तिसऱ्या दिवशी नकला ताडून पाहायला बोलावले तर तसे न करणेच आपल्याला बरे वाटते, असे शांतपणे सांगतो. टीकाकारांनी ह्या नकाराचे नाना अर्थ लावले आहेत, वेडापासून वैराग्यापर्यंत. मला एक साधी गोष्ट दिसते. दर आहे तो लिहिण्याचा. ताडून पाहण्याचा दर कथेत कुठेच येत नाही. ते काम 'अर्थातच' करायचे असते. प्रत्येक कचेरीत असे 'अर्थातच' असते : साडेपाचनंतरचे पंधरा मिनिटे, साहेबांच्या मुलीच्या लग्नातली वाढपाची मदत. बार्टलबीचा पहिला नकार नेमका तिथे पडतो. वकील शेवटी त्याला पैसे देऊ करतो. देणे बारा डॉलर, वर वीस स्वखुशीचे. चार सेंटांच्या दराने बारा डॉलर म्हणजे तीस हजार शब्द. वीस डॉलर म्हणजे पन्नास हजार शब्दांची कमाई न लिहिता. तरी तो घेत नाही. पैशाने हुकमाची भरपाई होते अशी साहेबाची प्रामाणिक समजूत होती, तिची पंचाईत होते. बार्टलबी तुरुंगाच्या भिंतीशी अंग मुडपून मरतो, हेही खरे. नुसत्या नकाराने पोट भरत नाही, आणि मेल्विल तसे भासवीत नाही. शंभर शब्दांचा दर आज कोणी लावत नाही, पण आमच्या गल्लीत रात्री अकरा वाजता जेवणाचे डबे पोचवायला येणारी मुले फेरीमागे पैसे मोजतात, आणि जिन्याखाली थांबलेल्या वेळाचे 'अर्थातच' काही मिळत नाही.

तिन्ही कथा शेजारी ठेवल्या की एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. साहेब बदलावा म्हणून डिकन्सला चार भुते आणावी लागली. गोगोललाही अकाकीचे भूत करून त्या बड्या असामीच्या अंगावरचा कोट ओढावा लागला. तेव्हा कुठे तो हाताखालच्यांवर पूर्वीपेक्षा कमी वेळा ओरडू लागला. कमी वेळा, एवढेच! मेल्विलने भूत आणले नाही, आणि त्याच्या कथेत काही बदललेही नाही. जिवंत माणसांनी एकत्र येऊन "किती?" म्हणून विचारावे हा चौथा मार्ग ह्या तिघांपैकी कोणाच्याही कथेत नाही. हे उणे काढण्यासाठी म्हणत नाही. एकट्या कारकुनाची कथा लिहायला बसल्यावर त्या वाटेने जाता येत नाही.

ती वाट आपल्या मुंबईत दिसली, आणि तीही दिवाळीशी जोडलेल्या शब्दावरून : बोनस. पहिल्या महायुद्धातल्या तेजीपासून मुंबईच्या गिरण्यांचे मालक कामगारांना वर्षअखेर बोनस देत आले होते. १९२३ चा बोनस त्यांनी नाकारला, आणि १९२४ च्या जानेवारीत दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिने निकाल दिला की बोनसवर कामगारांचा बजावून घेता येईल असा हक्क नाही. म्हणजे साठ रूबल देणारे संचालक बरोबर ठरले. दिले तर उपकार, न दिले तर तक्रार नाही. संप फसला. पण प्रश्न मिटला नाही. १९५० साली मुंबईच्याच गिरण्यांच्या तंट्यात श्रमिक अपील न्यायाधिकरणाने नफ्याची वाटणी करण्याचे सूत्र घालून दिले : नफ्यातून घसारा, यंत्रांची नवी उभारणी, भांडवलावरचा परतावा वजा करा, उरेल त्यात श्रमाचाही वाटा आहे. १९६५ साली बोनसचा कायदा झाला. आरंभी किमान ४ टक्के, पुढे ८.३३, कमाल २० टक्के. २०१९ च्या वेतनसंहितेत तो कायदा सामावला.

सहज गणित करून पाहिले. अकाकीच्या चारशे रूबलांचे ८.३३ टक्के म्हणजे तेहतीस. संचालकांनी साठ दिले, म्हणजे १५ टक्के. माणूस उदारच म्हणायचा. आणि २० टक्के म्हणजे ऐंशी रूबल. बरोबर कोटाची किंमत. ह्या योगायोगाला काही अर्थ नाही हे मला ठाऊक आहे, तरी तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

"किती" ह्या प्रश्नालाही कायद्यात थोडी जागा झाली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये शेअरबाजारात नोंदलेल्या कंपनीला प्रत्येक संचालकाचा मेहनताना कंपनीतल्या मधल्या नोकराच्या पगाराच्या किती पट आहे, हे वार्षिक अहवालात छापावे लागते. आकडा छापला म्हणून तो खाली येतो असे नव्हे. पण स्क्रूजच्या गोष्टीत जी रिकामी जागा राहिली होती, तसली जागा निदान त्या पानावर नसते.

वडिलांच्या कचेरीत कायद्याने बोनस मिळू लागला तेव्हा त्यांना झालेला आनंद मला आठवतो. पाकीट आईच्या हाती देताना ते म्हणाले होते, "हे कोणी दिलेले नाही. हे आपलेच आहे." आणि तरीही त्या वर्षी पाडव्याला त्यांनी ट्रंकेतला लग्नातला कोट काढला, डांबराच्या गोळ्यांचा वास जावा म्हणून घटकाभर उन्हात टाकला, पेढ्यांचा पुडा घेतला आणि मला बरोबर घेऊन साहेबांच्या बंगल्यावर गेले. साहेब आत पाहुण्यांशी बोलत होते. हसण्याचे आवाज येत होते. आम्ही व्हरांड्यात बाकावर बसलो. तासाभराने गड्याने येऊन पुडा आत नेला आणि साहेबांनी शुभेच्छा सांगितल्या आहेत म्हणून सांगितले. परत येताना मी विचारले, "बाबा, बोनस तर आपला होता ना? मग पेढे कशाला?" वडिलांनी कोट काढून हातावर घेतला आणि म्हणाले, "घरी आईला सांगू नकोस, बाहेर बसवलं म्हणून."